दहा गज फरशी

आमचे सासरे मादन हिप्परग्यातले कापडाचे व्यापारी. जगातल्या सगळ्या वस्तू लांब असतात, रुंद कोणतीच नसते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचाही दोष नाही म्हणा. कापडाचा पन्हा मागावरच ठरून येतो. दुकानदाराने फक्त गज लावायचा, लांबी मोजायची आणि टर्रकन फाडायचं. जन्मभर ज्याने एवढंच केलं, त्याला रुंदी ही देवानेच ठरवून दिलेली गोष्ट वाटली तर नवल कसलं!

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं. आमच्या घरातलं राज्य मात्र होतं तसंच होतं. मी अफजलपूरहून सून होऊन आले तेव्हा घरभर मातीची जमीन, रोज शेणाने सारवायची. ओसरी आणि बैठक माझ्या वाट्याला आली. स्वयंपाकघर मात्र सासूबाई, म्हणजे आमच्या बोलीत अत्ती, स्वतः सारवायच्या. लिंगपूजा तिथेच व्हायची, त्यामुळे तिथे दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. त्यांचा गुडघा कायम सुजलेला. सारवून झालं की भिंत धरून उठायच्या, आणि ते उठणं मला बघवायचं नाही. त्या पावसाळ्यात ओलीवर पाय सरकून त्या पडल्या, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याकडे काहीतरी मागितलं.

"आवं, सैपाकघरात तेवढी शहाबादी टाका की. गुडघा आता ऐकंना झालाय."

"टाकू की," मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. "पर घरात फरशी यायली म्हटल्यावर बैठक कोरी ठिवून कसं चालंल? मानसं काय सैपाकघरात येऊन बसत्यात?"

दुसऱ्या दिवशी दुकानातला लोखंडी गज घरी आला. मामांनी तो बैठकीच्या भिंतीलगत लावत नेला. सात गज. मग स्वयंपाकघरात. तीन गज. "धा गज," त्यांनी जाहीर केलं.

माझ्या नवऱ्याने भीतभीत विचारलं, "अप्पा, आडवं न्हाई मोजायचं?"

"आडवं कामून मोजायचं? पन्हा माल बनवणाऱ्याचा, लांबी गिऱ्हाइकाची!"

बापलेक गुलबर्ग्याला गेले. खोली रुंद किती, असं फरशीवाल्याने म्हणे विचारलंही होतं. मामांनी त्याच्याकडे अशा काही दयेने पाहिलं की त्याने निमूटपणे दहा गज फरशी मोजून दिली. आलेल्या लक्ष्मीला शहाणपण शिकवू नये, हे त्यालाही कळत असणार.

एकच बैलगाडी आली, तीही अर्धी रिकामी. दोन दोन फुटांच्या चौकोनी फरश्या. मामांच्या सांगण्यावरून गवंड्याने त्या एकीपुढे एक मांडल्या. ओसरीच्या पायरीपासून निघालेली पट्टी बैठकीतून सरळ मामांच्या गादीपर्यंत पोचली आणि तिथेच संपली. दोन्ही बाजूंना शेणाची जमीन, मधे हा राजमार्ग.

"सैपाकघराची कुठाय?" अत्तींनी विचारलं.

"धा गज आणली, धा गज बसली," मामा म्हणाले. पट्टीवरून एकदा गादीपर्यंत चालून आले आणि मग छाती काढून म्हणाले, "हैदराबादला मोठ्या लोकांच्या देवडीत, म्हंजे वाड्यात, असंच असतंय. मधून वाट."

गिरे तो भी टंगडी ऊपर! त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पट्टीवरून, एकामागे एक, खाली बघत गादीपर्यंत येऊ लागला. गावातल्या दोन शहाण्यांनी आपल्याही घरी हैदराबादी वाट करायचं ठरवलं. मला आता दोन्ही कडा सांभाळून सारवावं लागे आणि फरशीवर उडालेलं शेण फडक्याने पुसावं लागे. सुधारणा म्हणतात ती हीच. आत अत्ती पुन्हा भिंत धरून उठू लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला फार राग यायचा. मामांचा कमी, त्यांच्या त्या गप्प बसण्याचा जास्त.

उन्हाळ्यात लग्नसराईचा माल आणायला मामा आणि माझा नवरा सोलापूरला गेले. आम्ही दोघी पापड करत होतो. मी बाजेवर पापड घालत होते आणि अत्ती बघत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "अगं, पापड कुनी गावभर ओळीनं घालत न्हेतंय का? शेजारी शेजारी घालतंय, बाजंवर मावत्यात."

"व्हय की."

"मग त्या फरश्या?"

आम्ही दोघी पापड तसेच टाकून उठलो.

फरश्या नुसत्या मुरमावर ठेवलेल्या होत्या. मी पहारेने कोपरा उचलायची, खाली गोणपाट सारायची आणि ओढायची. अत्ती मागून ढकलायच्या, बसूनच. संध्याकाळपर्यंत चूल सोडून सगळं स्वयंपाकघर झाकलं गेलं. बैठक मी सारवून टाकली, अखंड, बिनवाटेची.

त्याच रात्री मामा परत आले तेव्हा दारातच त्यांचा पाय अडखळला. तसेच आत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

"माल तर धाच गज होता! मग आख्खं कसं झाकलं?"

"काय बगायलाव?" अत्ती म्हणाल्या. "तुमी चालाया वाट केलाव. मला बसाया जागा पायजे होती."

मामा हातपाय धुऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात मात्र गिऱ्हाइकांना सांगत होते, "आपुन आधी सैपाकघराची फरशी केली. घरच्या लक्ष्मीचं बघावं मानसानं." गावाने त्यांचं फार कौतुक केलं.

त्याच दिवशी पहाटे अत्ती सवयीने शेणाची पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि खाली बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी कोरडा हात फरशीवर टेकवला आणि सारवताना फिरवतात तसा हळूच अर्धगोल फिरवला.

"आता मी काय करू गं?" मला दारात बघून त्यांनी विचारलं.

"बसा की, अत्ती."

त्या बसल्या. हात मांडीवर ठेवून, भिंतीला पाठ टेकून. त्यांना नुसतं बसलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होते.