मोकळ्या सोडलेल्या जागा

"जिथं बघितलंच न्हाई, तिथं मोकळं सोडायचं, पोरी." एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात, बीडच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर, निरीक्षणांची वही माझ्या हातात देत प्रा. दिगंबर नरवडे सर मला हे म्हणाले. तीच आमची ओळख.

सूर्याच्या आत ध्वनिलहरी घुमत असतात आणि त्यांच्यामुळे त्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांनी वरखाली होतो. तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पण उन्हाच्या वर्णपटातली काळी रेघ त्याच तालात किंचित सरकते. सरांनी उभं आयुष्य त्या सरकण्याची नोंद ठेवली.

एकदा तापामुळे माझ्या तीन सकाळच्या नोंदी बुडाल्या. त्या जागी मी आधीच्या दिवसांचे आकडे उतरवले. त्या उसन्या आकड्यांतून सूर्याचा एक खोटा सूर निघाला आणि आमच्या शोधनिबंधात छापूनही आला. कळल्यावर सरांनी निबंध मागे घेतला. पत्रात चूक स्वतःची म्हणून लिहिली.

"सर, चूक माझी होती."

"तुजी असंल. सही माजी हाय. जा, चहा सांग."

त्या निबंधावर त्यांची बढती अवलंबून होती, हे मला फार उशिरा समजलं.

निवृत्तीनंतर वर्णपट टिपायचं यंत्र सरांच्या नेकनूरच्या घरी, माळवदाच्या मातीच्या छतावर गेलं. आता पंचाहत्तरीत सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते रोज अंदाजाने यंत्राचा कॅमेरा लावतात. रविवारी एसटीने जाऊन मी आठवड्याच्या रेघा मोजते. गेल्या महिन्यातले निम्मे फोटो धूसर निघाले. त्या जागा मी वहीत मोकळ्या सोडल्या. सरांना अजून सांगितलेलं नाही. आता मीही शिकवते; आठवडाभराच्या थकव्यानंतर तेवढा धीर उरत नाही.

ऑपरेशनचं काढलं की ते म्हणतात, "पावसाळ्यात करू, तवा ऊन नसतंय." आमच्या दुष्काळी भागातला पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा वैतागून म्हणाल्या, "सूर्य काय पळून चाललाय व्हय?"

"तो न्हाई, मी चाललोय," सर म्हणाले आणि कॅमेरा पुसू लागले.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, असं आम्ही सारे विद्यार्थी मनापासून चिंततो. पण नुसतं चिंतून डोळे उघडत नाहीत. पंचाहत्तरीनिमित्त लिहिलेला हा लेखही सरांना मलाच वाचून दाखवावा लागेल. इथवर आल्यावर ते "पावसाळ्यात बघू" म्हणतील, हेही मला माहीत आहे. तरी मागते. सर, याच महिन्यात ऑपरेशन करून घ्या. ते आठ-दहा दिवस मोकळे सोडा.