दोन लवंगांचा विडा

विडा तोंडात टाकण्याआधी ते तो उलगडून समोरच्याला दाखवत. "बघून घ्या, माझं खाणं उघड्यावर असतं."

असा माणूस तुमच्याही गावात कदाचित असेल, पण आमच्या मुरबाडात हे एकच. ते घरांचे दलाल. मी त्यांना भावजी म्हणे, तेही मनात. मोठ्याने हाक मारण्याची वेळ कधी आली नाही.

आमचे हे कचेरीसमोर खरेदीखतं लिहीत. घराचा सौदा आमच्या ओटीवर ठरे. ठरला की आतून विड्यांचं तबक जाई, आणि तबक बाहेर गेलं म्हणजे सौदा पक्का. विडे मी लावत असे. सगळ्यांना एकेक लवंग टोचायची, एकाला दोन. दोन लवंगांचा विडा गिऱ्हाईक आणणाऱ्याचा. त्याच्याखाली यांनी दिलेली दलाली दडवलेली असे. यांच्याकडे वकिलाने माणूस पाठवला तर तो विडा वकिलाचा, भावजींनी पाठवला तर त्यांचा. घर घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसे. त्याला वाटे, सगळे आपल्यासाठीच धडपडतायत.

भावजी मात्र विडा उचलून खालचं नाणं गिऱ्हाइकाच्या पुढे धरत. "हे मला. तुमाला इथं आणलं म्हणून. दुसऱ्याकडून खत लिहून घ्यायचं तर अजून टाइम हाय."

"अहो, गप खा ना!" हे चिडत.

"खातोय की. गप नाय खाता येत."

गिऱ्हाईक हसे आणि खत आमच्याकडेच लिहून घेई. म्हणून हे त्यांना सांभाळून घेत. आतल्या दाराशी मी उभी आहे हे त्यांना ठाऊक असे. जाताना दाराकडे न बघता म्हणत, "वैनी, आज चुना जास्त झाला." कधी म्हणत, "आज बरोबर." दिवसभरात माझ्याशी बाहेरचं कुणी बोललं तर एवढंच.

गावाला त्यांचा हा उघडेपणा सोसत नसे. एका लग्नात त्यांनी भर पंगतीत भटजींना विचारलं, "वाजंत्रीवाला तुमाला काय देतो हो?" त्यानंतर त्यांना लग्नाचं बोलावणं येईनासं झालं. ते तिठ्यावर भाड्याच्या खोलीत एकटेच राहत. कुणी टोमणा मारी, "दलाल, गावाला घरं दिलीत, स्वतःला कधी?"

"मला घर दाखवायला दुसरा दलाल लागंल. त्याचं खाणं मला परवडायचं नाय."

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्या सुमारास हे तापाने गेले. आम्ही राहत होतो ते घर भाड्याचं. मालकाने मुलाच्या लग्नासाठी ते रिकामं करून मागितलं. मला मूलबाळ नाही. पाटल्या मोडल्या, त्यातून दोन खोल्या येतील असं वाटलं. भावजींनीच घर दाखवलं. शेजारच्या काकू मधे बोलायला होत्या. मागे विहीर होती, मला घर आवडलं.

सौद्याच्या दिवशी ओटीवर वकील, यांच्या जागी बसलेला नवा खतलेखक आणि घर विकणारा, असे जमले. भावजी शेवटी आले. मी आत विडे लावले, एकाला दोन लवंगा. काकू तबक न्यायला उठल्या, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"वैनी, आतून ऐका. घर चांगलं हाय. पण याचा एक भाऊ कसाऱ्याला रेल्वेत हाय, निम्मं घर त्याचं. त्याला कुणी विचारलंच नाय. वकिलांना नि खतलेखकाला ठावं हाय. मला आज सकाळी कळलं."

"दलाल, तुमचा विडा बुडेल," वकील म्हणाले.

"तुमचापण बुडंल. मिळून बुडू."

सगळे माझी वाट बघत होते. परक्या पुरुषांसमोर मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. काकूंनी हात पुढे केला. मी तबक त्यांच्या हातात दिलं नाही. मागे चुलीपाशी ठेवलं आणि मधल्या दाराला कडी घातली.

"बाईंना काही समजलेलं नाही," वकिलांचा आवाज.

"समजलं," भावजी म्हणाले. "कडी वाजली न्हवं."

त्यानंतर मुरबाडात त्यांना कुठल्या ओटीवर विडा मिळाला नाही. खतलेखक बोलावीना, वकील ओळख देईना. काही महिन्यांनी, मी शहापूरला भावाकडे जायला निघाले होते तेव्हा, ते अंगणात येऊन उभे राहिले. मी एक विडा लावला, सवयीने दोन लवंगांचा, ओटीवर ठेवला आणि दाराआड झाले. त्यांनी तो उचलला, खाली बघितलं. खाली काही नव्हतं.

"खरंच की," ते म्हणाले. "मला आज कुणी आणलं नाय. मी आपला आलो."

त्यांनी विडा उलगडला नाही. तसाच तोंडात घातला, अंगणातच उभं राहून सावकाश खाल्ला. चुन्याबद्दल काही बोलले नाहीत. मग गेले. कुणी म्हणे कल्याणला आहेत, कुणी म्हणे कसाऱ्याकडे. मी कुणाला विचारणार?

शहापूरला बाजारामागे मी एक खोली घेतली. सौदा भावाच्या ओटीवर झाला. सगळं ठरलं तेव्हा मी दाराआडून विचारलं, "विकणाऱ्याला भाऊ किती?" माझा आवाज मलाच परका वाटला. मग म्हातारा मालक म्हणाला, "एकलाच हाय मी, बाय."

मी लावलेल्या विड्यांचं तबक बाहेर गेलं. थोड्या वेळाने ते परत आलं. त्यात एक विडा उरला होता, दोन लवंगांचा. मला तिथे कुणी आणलं नव्हतं, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

माणसं गेल्यावर मी तो घेऊन नव्या खोलीत आले आणि कोनाड्यात ठेवला. दुपार कलली तसं पान सुकत गेलं, आणि लवंगा आपोआप गळून पडल्या.