राजाभाऊंचं सरपण

दसरा उलटला की वासंतीताई धास्तावत. राजाभाऊ अंगणात जाऊन आभाळाकडे बघत आणि म्हणत, "अगं, सरपणाचं काय? एकदा बर्फ पडला की वाट बंद."

गुडगावला कधी बर्फ पडला नव्हता. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून दोघं या नव्या सेक्टरात आली तेव्हा भोवती मोहरीची शेतं होती. आता तिथे एकामागून एक इमारती उठत होत्या. पण सर्वेक्षण खात्यातली उमेदीची वर्षं राजाभाऊंनी हिमालयात, जोशीमठला काढली होती, आणि स्मरण विरत गेलं तशी तेवढीच वर्षं त्यांच्यापाशी उरली. तिथे थंडीआधी लाकडं फोडून, वाळवून, भिंतीलगत छातीइतकी थप्पी लावावी लागे. नाहीतर पाळण्यातल्या यशोधनला गारठा बाधेल, हा घोर त्यांना अजून होता. आता हा त्यांचा मुलगा बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर झाला होता.

पहिल्या वर्षी वासंतीताईंनी समजावून पाहिलं. "अहो, आपण गुडगावला आहोत. गॅस आहे, हीटर आहे." राजाभाऊ ऐकून घेत, मान डोलावत, आणि लगेच चपला शोधायला लागत. एकदा ते शेजारच्या बांधकामावरची सेंट्रिंगची फळी ओढून आणताना सापडले. तिथल्या एका मजुराने मुकाट्याने दुसरं टोक धरलं होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी वासंतीताईंनी वखारीतून फोडलेली कीकरची, म्हणजे बाभळीची लाकडं टेम्पो भरून आणवली. दोघांनी मिळून ती रचली.

"साल वर ठेव," राजाभाऊ सांगत होते. "खाली आली की ओल धरते."

वासंतीताईंच्या हातात काटे रुतले, कंबर धरली. पण थप्पी पुरी झाली तसे राजाभाऊ पोटभर जेवले. वासंतीताईंना वाटलं, सुटले.

सुटका कसली! थप्पी तशीच राहिली. हीटर विजेवर चाले, स्वयंपाक गॅसवर होई. लाकडाला कोण हात लावणार? राजाभाऊ रोज सकाळी ती बघून येत. "ढीग तसाच आहे. म्हणजे थंडी पुढेच आहे. आणखी आणायला हवीत." दिवाळी गेली, धुकं आलं, स्वेटर निघाले, पण राजाभाऊंचा हिवाळा काही सुरू होईना. दिवसातून कितीदा तरी तेच वाक्य. उत्तर देऊन देऊन वासंतीताईंच्या तोंडाला कोरड पडे.

फोनवर यशोधन म्हणाला, "आई, बाबांना एखाद्या चांगल्या होममध्ये ठेवू या का? तू थकलीस."

"बघू," त्या म्हणाल्या. आपल्याला राग आला नाही याचीच त्यांना भीती वाटली.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी फाटकाशी रामकली आली. ती बांधकामावर विटा वाहायची. धुक्यात तिचा चेहराही नीट दिसत नव्हता.

"माताजी, थोड़ी लकड़ी मिल जाती? झोपड़ी में सब गीला हो गया है," ती म्हणाली.

वासंतीताई चपापल्या. थप्पीला कुणी हात लावला तर राजाभाऊ काय करतील, याचा नेम नव्हता. पण तेच पुढे झाले.

"वरची घे, बेटी. वरची वाळलेली आहेत," म्हणत त्यांनी तिच्या हातांवर लाकडं रचली. जोशीमठला अडल्या शेजाऱ्याला सरपण नाकारायची रीत नव्हती.

मग रामकली रोज येऊ लागली, तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी. थप्पी उतरत गेली. एक दिवस राजाभाऊ थप्पीपुढे जाऊन उभे राहिले.

"निम्मी संपली," ते म्हणाले. "म्हणजे निम्मा हिवाळा गेला."

त्या दिवशी त्यांनी आणखी लाकडं मागितली नाहीत. उन्हात खुर्ची टाकून ते संत्रं सोलत बसले, आणि वासंतीताई कित्येक महिन्यांनी दुपारी सलग झोपल्या.

होळीच्या सुमारास भिंतीशी नुसती साल उरली. "बर्फ वितळला का गं?" त्यांनी विचारलं.

"वितळला," वासंतीताई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगातला स्वेटर काढून घेतला.

थकवा गेला नव्हता. पुढच्या थंडीत सगळं पुन्हा करायचं होतं, आणि तोवर राजाभाऊंना काय काय आठवेल, कुणाला ठाऊक. रविवारी यशोधनने पुन्हा विषय काढला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "सध्या तरी आमचं चाललंय."