सत्यवतीची होडी

गव्हाणच्या खाडीत दीर बुडाला, त्या वर्षी सत्यवतीनं नवऱ्याला सांगून टाकलं, "आता खारं पानी नको. माज्या जिवाला घोर लागतो."

भगवान कोळी खाडीवरच वाढलेला. पण भावाचा देह त्यानंच काठावर ओढून आणला होता, म्हणून त्यानं तिचं ऐकलं. पनवेलच्या वरच्या अंगाला गाढी नदीचं पाणी अडवलं होतं. रविवारी मुंबईची मंडळी तिथं गळ टाकायला, झाडाखाली डबे खायला येत. त्यांना होडीतून फिरवायचं काम भगवानला मिळालं आणि दोघं तिथंच काठावर खोपट बांधून राहिली. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट.

त्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही. उन्हात होडी एका जागी धरायची आणि साहेबाच्या गळाला मासा लागेपर्यंत गप्प बसायचं. घरी आला की भगवान म्हणे, "जालं ओढून हात दुखायचं, पन झोप लागायची. इथं झोप पन नाय." सत्यवती ऐकून घेई. खोपटाच्या दारातून पाणी दिसायचं. तिकडे पाठ करूनच ती भांडी घाशी.

एका रविवारी वागळे नावाच्या गृहस्थांच्या गळाला मोठी मरळ लागली. भगवान "बसा साहेब, बसा!" म्हणेपर्यंत ते उभे राहिले आणि होडी उलटली. होडीची कड भगवानच्या खांद्यावर बसली. वागळ्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी भगवानच्या मानेला मिठी मारली. एका हातानं पाणी तोडत त्यानं त्यांना काठाला आणलं. सत्यवती काठावर उभी होती. 

वैद्यानं खांदा बसवला, पण उजवा हात काही वर जाईना. वागळे फळं घेऊन भेटायला आले, डोळ्यांत पाणी आणून बोलले, आणि पुढे येईनासे झाले. होडी काठावर पालथी पडून राहिली.

एका सकाळी सत्यवतीनं ती सुलटी केली आणि पाण्यात ढकलली.

"काय करतेस?" भगवाननं विचारलं.

"वल्हं कसं मारायचं, ते सांगा."

"तुला तर पान्याचं भ्या वाटतं!"

"वाटतं. म्हनून चूल पेटायची थांबंल काय?"

दिवसभर होडी जागच्या जागी गोल फिरली. भगवान काठावरून ओरडून ओरडून थकला. तिचे तळवे सोलून निघाले. गळवाले आले, बाईला बघून हसले, मागे फिरले. सहलीला आलेल्या काही बायका मात्र बिनधास्त चढून बसल्या आणि फेरी मारून आल्या. मग हळूहळू पुरुषही बसू लागले. तीही तासन्‌तास होडी धरून बसू लागली. संध्याकाळी घरी आल्यावर तिला बोलावंसंच वाटेना. भगवान डाव्या हातानं भाकरी थापी, वेडीवाकडी, आणि तिच्यापुढे ठेवी.

काही वर्षांनी, पिण्याचं पाणी म्हणून तिथल्या होड्या बंद झाल्या. "चला, गव्हाणला जाऊ," असं सत्यवतीच म्हणाली. 

गावात त्याला जाळी विणायचं काम मिळालं. ती पनवेलच्या बाजारात मासळी विकू लागली. नणंद हौसानं एकदा विचारलं, "वैनी, खाडीचं भ्या गेलं काय गो?"

"नाय गेलं," सत्यवती म्हणाली. "पन भ्यायला बी ताकद लागते, बाय. ती दिसभर कामातच सरते." आणि पाटी डोक्यावर चढवायला तिनं हौसाला हात लावायला सांगितलं.