सेवकराम पंचाची सही

चिचबोडीत पंचनामा म्हटला की सेवकराम कापगत्यांना बोलावणं जायचं. दिघोरीपासून दोन कोसांवरचं हे धानाचं गाव. रानडुकरांनी धानाच्या बांध्या तुडवल्या, पेंढ्याच्या, तणसाच्या ढिगाला आग लागली, कुणाला साप चावला, की तलाठी नाहीतर पोलीस यायचे आणि सरपंच माणूस पाठवायचे. सेवकराम सातवी शिकलेला, दारूला न शिवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सही मात्र अशी वळणदार करायचा की लिहिणाराही क्षणभर बघत राही. शेती मुलगा भूषण पाहू लागल्यापासून सेवकरामजवळ मान म्हणावा असा हा एवढाच उरला होता, आणि त्याला तो पुरत होता.

गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे लहानशा तलावाच्या, पाळीखाली सात-आठ पालं होती. बारा वर्षांपूर्वी आलेली ती माणसं तिथंच राहिली. शिंदीच्या झाडण्या विकायची, धानाच्या रोवणीला मजुरीनं यायची. पोरं गावच्या शाळेत जायची. तरी गाव त्यांना पालवालेच म्हणायचं. कोंबडी हरवली तरी पहिली नजर पालांकडे जायची. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. सेवकरामलाही नाही.

उन्हाळी धानाच्या दिवसांत अंकुश नावाच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार विहिरीवरून चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी सेवकरामला ग्रामपंचायतीपुढं बोलावलं. मोटार पोलिसांच्या गाडीत ठेवलेली होती. तिच्याशेजारी पालातला इश्वर बसला होता, ओठ सुजलेला. पोलीस जमादारानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, भराभर वाचून दाखवलं, आणि त्यानं बोट दाखवलं त्या चार जागी सेवकरामनं सह्या केल्या. दुसरा पंच म्हणून गावातल्या पानठेलेवाल्यानं केल्या. मग चहा आला. सेवकराम तो प्याला.

कोर्टानं इश्वरला जामीन दिला होता, पण त्याच्यासाठी हमीला सातबारा घेऊन उभा राहणारा गावात कुणी नव्हता. तो अकरा महिने तुरुंगात राहिला.

तारीख लागली तेव्हा ठाण्याचा शिपाई समन्स घेऊन आला. साक्षीत चुकू नये म्हणून पंचनाम्याची झेरॉक्सही देऊन गेला, पाठ करून ठेवा म्हणाला. सेवकरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं नातीला, दामिनीला वाचायला बसवलं. ती आठवीत होती. इश्वरची मुलगी डिंपल तिच्याच बाकावर बसायची, पण बाप तुरुंगात गेल्यापासून शाळेत यायची बंद झाली होती.

दामिनी वाचत गेली. आम्हा पंचांसमक्ष आरोपीच्या पालात जाऊन, आम्हा पंचांसमक्ष चुलीमागची जमीन उकरून, आम्हा पंचांसमक्ष मोटार बाहेर काढून. तिथं ती थांबली.

"आबाजी, तुमी डिंपलच्या पालात गेलते?"

"नाही वं."

"मंग समक्ष म्हंजे काय होते?"

उभ्या जन्मात सेवकरामनं हा शब्द शंभरदा ऐकला होता. तो त्याला कागदावरच्या शिक्क्यासारखा वाटायचा, असायचाच म्हणून असलेला. जळलेलं तणस आणि तुडवलेली बांधी त्यानं खरोखर पाहिलेली असायची, म्हणून त्या शब्दाचा अर्थ बघायची वेळच आली नव्हती. त्यानं तोंडानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. सहीनं सांगितलं होतं, तेही चार ठिकाणी.

चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. शेवटी त्यानं भूषणला सांगितलं, की मी कोर्टात खरं तेच बोलीन. भूषण आधी हसला, मग चिडला. अंकुशच्या विहिरीचं पाणी आपल्या बांधीला येतं, ठाण्याशी वाकडं घेऊन गावात कसं राहायचं, असं तो बरंच बोलला.

"त्यायच्यासाठी कायले जीव काढून राहिले तुमी? यानं नाही त याच्या भावानं केली असंन. ते लोकच तसे."

"असंन. पण म्या पायलं नाही ना, बाबू."

"अकरा महिने नाही सुचलं, अन् आता सुचून राहिलं?"

सेवकराम समन्स खिशात घालून उठला.

कोर्टात सेवकराम पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा समोर इश्वर होता, निम्मा झालेला. मागच्या बाकावर त्याची बायको पार्वताबाई आणि डिंपल. सरकारी वकिलानं पहिला प्रश्न विचारला आणि सेवकरामनं सांगून टाकलं, की मी पालात गेलो नाही, मोटार मी गाडीतच पाहिली, सह्या ग्रामपंचायतीपुढं केल्या.

वकिलानं कपाळाला आठ्या घातल्या आणि न्यायाधीशांकडं उलटतपासणीची परवानगी मागितली. साक्षीदार फितूर झाला म्हणाला. सेवकरामला आधी कळलंच नाही की हे आपल्याविषयी आहे. फितूर म्हणजे शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा, असं तो शाळेत शिकला होता.

मग प्रश्नांवर प्रश्न आले. सही तुमची? माझी. वाचता येतं? येतं. कुणी मारलं, धमकावलं? नाही. अकरा महिन्यांत कुठं तक्रार केली? नाही. आरोपीच्या लोकांनी तुम्हाला काय दिलं? सेवकरामनं मान हलवली, तर तोंडानं बोला म्हणून दटावलं गेलं. पानठेलेवाल्यानं सगळं पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं. जमादारानंही सांगितलं.

इश्वरला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालात लिहिलं होतं, की पंच क्रमांक एक स्वतःची सही कबूल करतो आणि इतक्या उशिरा जबाब फिरवतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. व्हरांड्यात पार्वताबाई समोर आली. ती शिव्या देईल म्हणून सेवकराम खाली बघत उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं, "काकाजी, हे तवा काहून नाही बोलले जी?" आणि पोरीचा हात धरून ती एसटीकडं गेली.

गावानं वाळीत वगैरे टाकलं नाही. पानठेल्यावर हाक यायची, "या पंच, कितीत फिरले?" हसून झालं की विषय बदलायचा. अंकुशनं मात्र पाणी बंद केलं, आणि भूषण बापाशी बोलेनासा झाला.

त्या दिवाळीनंतर शाळेतला पंखा आणि विजेची वायर चोरीला गेली. पोलिसांची गाडी सरळ बोडीकडं गेली. सेवकरामला कुणी बोलावलं नव्हतं. तो काठी टेकत धापा टाकत गेला. इश्वरच्या धाकट्या भावाला गाडीत बसवलं होतं. पानठेलेवाला बाजूला तंबाखू मळत उभा होता.

पार्वताबाईनं सेवकरामला पाहिलं आणि पालाचं फडकं वर उचलून धरलं. "पाहून घ्या जी काकाजी. काही नाही आमच्या इथं. तुमीच पाहून घ्या."

सेवकराम वाकून आत गेला. पोलिसांनी उकरलेल्या जमिनीत माती आणि राख तेवढी होती. दोन डेचक्या, एक गोधडी, शिंदीच्या पानांचा भारा, डिंपलचं दप्तर. त्यानं भारा सोडून पाहिला, गोधडी झटकून पाहिली, दप्तरातली पुस्तकंही काढून पाहिली. पंखा नव्हता, वायर नव्हती. त्यानं नीट पाहिलं, मोतीबिंदूच्या डोळ्यांना जितकं नीट दिसलं तितकं.

बाहेर येऊन तो जमादाराला म्हणाला, "साहेब, इथं काहीच नाही. लिवा. मी सही करतो."

जमादारानं कागदाची घडी घातली. तो रागावला नाही, उलट मायेनं बोलला.

"राहू द्या काका. तुमची सही आता चालत नाही."

पानठेलेवाल्यानं बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या. गाडी पाळीवरून वळली. पार्वताबाई गाडीमागं धावली नाही. ती सेवकरामकडं बघत राहिली, आणि सेवकरामला तिथून हलावं की थांबावं, काही कळेना.