खिडकीसमोरची टाकी

शेवटच्या वर्षाला आम्हाला स्वतःचं चित्र काढून द्यावं लागतं. आरशात बघून, तैलरंगात. ते मंजूर झालं नाही तर पदवी अडकते. माझं दोनदा परत आलं होतं.

पहिल्यांदा सरांनी कॅनव्हास भिंतीला टेकवला, मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "ड्रॉइंग बरोबर आहे. रंगही बरा लागलाय. पण ही मुलगी माफी का मागतेय?" वर्ग हसला. मीही हसले, कारण अशा वेळी मी हसतेच. दुसऱ्या चित्रासमोर उभे राहून ते म्हणाले, "अजून मागतेच आहे."

त्यांचं खरं होतं, आणि त्याचाच वैताग होता. आरशासमोर बसलं की माझा चेहरा आपोआप तसा होतो. भुवया किंचित वर, ओठ मिटलेले. जणू आता कोणीतरी येऊन विचारणार, तू इथं कशी? आणि मी उत्तर तयार ठेवून बसलेय. पहिल्या वर्षी आम्हाला वेरूळला स्केचिंगला न्यायचे. तिथले दगडाचे चेहरे मला चांगले जमायचे. ते कोणाची परवानगी घेऊन बसल्यासारखे दिसत नाहीत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई गावी घर बघते, वडील शेंद्र्याला कंपनीत जातात आणि पाळी सुटली की शेतात. चित्रकला शिकून पुढे काय होतं, हे त्यांनी मला एकदाच विचारलं. मी "बघू" म्हणाले. त्यांनी परत विचारलं नाही, म्हणून मला जास्तच अपराधी वाटतं.

राहते मुकुंदवाडीत, मावशीकडे. तिच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, ती तिने मला दिली. मी तिला स्टुडिओ म्हणते, पण फक्त मनात. कारण त्या खोलीत माझ्याआधीपासून गव्हाची कोठी आहे, बंद पडलेला कूलर आहे, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील आहे आणि मावशीच्या शेवयांचं यंत्र आहे. त्यांच्यात मी नवीन. पण खोलीला उत्तरेकडे खिडकी आहे, आणि चित्रकाराला आणखी काय पाहिजे? उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळपास एकसारखा राहतो, त्यामुळे सकाळी बघितलेली गालाची सावली दुपारीही त्याच जागी सापडते.

आरसा जुन्या कपाटाच्या दाराचा. मावशी कपडे वाळत घालायला वर आली की त्यात डोकावते, जुनी टिकली काढून आरशाला चिकटवते, नवी लावते आणि निघून जाते. मी जे दिसतं ते काढत होते. त्यामुळे माझ्या दुसऱ्या चित्रात कानाजवळ एक मरून ठिपका आहे.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"टिकली."

"कानाला?"

"मावशीची आहे, सर."



तिसऱ्या चित्राला सुरुवात केली आणि टाकी आली.

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी दुसरं काही होत नाही. मोटार लागते, नळ्या पसरतात, घागरी, बादल्या, पातेली, सगळं भरून घेतात. एकदा मावशीने माझा ब्रश धुवायचा डबाही भरून ठेवला. त्यात टर्पेंटाइन होतं, पण ते तिला तळाशी शिल्लक राहिलेलं घाण पाणी वाटलं आणि तिने ओतून दिलं. अशा घरात एक टाकी कधीच पुरत नाही, म्हणून मावशीच्या नवऱ्याने, काकांनी, दुसरी आणली. मी कॉलेजातून आले तर माझ्या खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर, विटांच्या ओट्यावर काळीकुट्ट, माझ्यापेक्षा उंच टाकी उभी.

"कशी बसली?" काका हात झटकत म्हणाले. "हत्ती टेकला तरी हलायची नाय."

"मस्त," मी म्हणाले.

आत जाऊन आरशासमोर बसले. माझ्या चेहऱ्याचा डावा भाग नाहीसा झाला होता. ट्यूबलाइट लावली तर मी उकडलेल्या बटाट्यासारखी दिसायला लागले. त्या उजेडात रंग कालवायचा आणि सकाळी दारात नेऊन बघायचा, तर गाल हिरवे. पुसायचे. परत कालवायचे. जेवताना मावशी म्हणायची, "काम होतंय ना गं नीट?" आणि मी म्हणायचे, "हो." हा 'हो' माझ्या तोंडात कोणी बसवलाय, मला माहीत नाही.

मग मला एक युक्ती सुचली. टाकी हलवा असं म्हणायचं धाडस नव्हतं, पण ती पांढरी झाली तर आकाशाचा उजेड तिच्यावर पडून माझ्या खिडकीत येईल. शिवाय उन्हाळा लागला होता. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी असं तापायचं की नळाखाली हात धरवत नव्हता. मी काकांना म्हणाले, "काका, टाकीला पांढरा रंग दिला तर पाणी गार राहील." काका खूश झाले. घराला दिलेल्या पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा जिन्याखाली पडला होता. मी टाकी पॉलिश पेपरने घासली, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही, आणि दोन हात दिले. खोलीत उजेड आला. तो आधीसारखा नव्हता, जरा दुधाळ होता, पण चेहऱ्याला दोन्ही गाल आले. चार दिवस मी सुखात काम केलं. माझं सगळं शहाणपण असं पाण्याच्या गारव्यामागे लपवून चालतं.

पाचव्या दिवशी मावशी वर आली आणि टाकीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कसं बोडकं दिसतंय गं ते."

"काय?"

"टाकी. घरात पेंटर असून टाकी बोडकी? शेजारीण कालच म्हणली, तुमची पोरगी नुसते मुंडकेच काढती का? मोर काढ एक. मोठा. पिसारा सगळीकडून फिरव."

"सगळीकडून?"

"मग काय, मोराला अर्धाच पिसारा ठेवती का?"

सगळीकडून म्हणजे माझ्या खिडकीच्या बाजूनेही. निळा, हिरवा, मोरपंखी. तो सगळा रंग उजेडाबरोबर आत येणार आणि माझ्या हनुवटीखाली बसणार. मी म्हणाले, "मावशी, मोर नको. तुळशी वृंदावन काढते, छोटंसं, पुढच्या बाजूला."

"वृंदावन खाली हाय की खरं! वर कशाला चित्रातलं?"

"मग कमळ?"

"कमळ नको. लोक म्हणतील पक्षाची टाकी हाय."

"मावशी, पण पिसारा मागून कोणाला दिसणार?"

"मला दिसल. कपडे वाळत घालताना."

आणि ती खरंच जिन्याखालून निळ्या रंगाची बाटली घेऊन वर आली. माझ्या हातात दिली. मला काय झालं सांगता येत नाही. मी बाटली खाली ठेवली आणि ओरडले. मावशीवर ओरडले, जिचं खाते तिच्यावर.

"मला उजेड लागतो! त्या खिडकीतून! टाकी आली तेव्हापासून मला माझं तोंड दिसत नाहीये, माझं चित्र दोनदा परत आलंय, आणि आता ह्या वेळी नाही झालं तर मी पास होणार नाही, कळतंय का तुला?"

 मला वाटलं मावशी आता रडेल, किंवा वडिलांना फोन लावेल. ती म्हणाली, "मग एवढे दिवस तोंडात काय मूग धरले होते का?"

"मी..."

"काका तर टाकी तिकडं न्हाणीवर बसवणार होते. तुला विचारलं होतं का नाय? ओट्याच्या विटा आणल्या त्या दिवशी? तूच म्हणलीस, कुठंही ठेवा."

विचारलं होतं. मी जिन्यावर चप्पल घालत होते, काकांनी खालून विचारलं, "तिकडं ठेवू का इकडं?" आणि मी "कुठंही" म्हणून कॉलेजला पळाले होते. मला वाटलं होतं, कोणालाच माझा त्रास नको. टाकी माझ्या खिडकीसमोर मीच बसवून घेतली होती.

"आता भरलेली हाय, हलायची नाय," मावशी म्हणाली. "तुझ्या खिडकीकडं पांढरी राहू दे. रस्त्याकडून मोर पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि ओरडायचं असंल तर आधी ओरडत जा बाई, ओटा बांधायच्या आधी."

ती खाली गेली. मी आत आले आणि दार लावून आरशासमोर बसले. माझे कान तापले होते. भुवया खाली आल्या होत्या. नाकपुड्या फुगलेल्या. कोणी विचारलं असतं तू इथं कशी, तर ह्या बाईने त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. मी जुना चेहरा चाकूने खरवडून काढला आणि मिळेल त्या ब्रशने लावत सुटले. मला मावशीचा राग होता, टाकीचा होता, सगळ्यात जास्त त्या "कुठंही"चा होता. टाकीवरून येणारा दुधाळ उजेड खालून हनुवटीवर पडत होता, तोही तसाच काढला. आरशावरची टिकली मात्र ह्या वेळी आधी उपटली.

सरांनी चित्र भिंतीला टेकवलं. मागे सरकत दारापर्यंत गेले.

"आता ही कोणावर चिडलीय?"

"टाकीवर, सर."

त्यांनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली आणि पुढचं चित्र उचललं.

चित्र घरी आणलं त्या संध्याकाळी मी टाकीच्या रस्त्याकडच्या बाजूला मोराचा गळा रंगवत होते. मावशीने कॅनव्हास कोठीला टेकवून बराच वेळ बघितला. चिडलीस माझ्यावर, असं काही म्हणेल म्हणून मी ब्रश थांबवला.

"हुबेहूब काढलंय," ती म्हणाली. "पाणी आलं नाय की तुझी आई अशीच बघती."