शून्य रुपयाचं तिकीट

बंजाऱ्यांच्या तांड्यावर सकाळची एसटी आली की जमनीबाई सगळ्यात आधी चढायची. वय अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरीच्या वर प्रवास फुकट, हे तिला पक्कं ठाऊक. कंडक्टर फुलचंद मशीन पुढं करून म्हणायचा, "आजी, शून्य रुपयाचं तिकीट तरी घ्या."

"फुकट हाय ना? मंग चिठ्ठी कायले? आमच्या आज्या-पंज्याच्या बैलायनं मुलूखभर मीठ वाह्यलं. त्यायले कोनी तिकीट मांगलं काय?"

गाडीभर हशा. तिचं ऐकून मागची बारा-पंधरा म्हातारी माणसंही हात हलवून बसायची. मशीन तशीही अडखळणारी. फुलचंद ती पिशवीत टाकायचा.

उन्हाळ्यात फेरी बंद झाली. नात वर्षा घाटंजीला अकरावी करून बारावीत गेलेली. तिच्या बापानं, संजयनं, दोन वाक्यांत निकाल लावला. "मेन रोड सहा किलोमीटर, मधी जंगल. गाडी सुरू झाली तं कॉलेज, नाही तं घरी राह्य."

पाऊस लागल्यावर जमनीबाई तांड्याच्या नायकाला, देवसिंगला, घेऊन एसटीच्या आगारात गेली. साहेबानं कागद समोर धरला.

"भर बाजाराच्या दिवशीची, तिकिटांवरून केलेली मोजणी आहे. सात माणसं. त्यात चार पासवाल्या पोरी. डिझेलही निघत नाही."

"आमी पंधरा जन होतो ना गाडीत!"

"तिकिटं कुठं आहेत?"

"आमचं फुकट होतं."

"तुम्हाला फुकट, आजी. तुमचे पैसे सरकार आम्हाला देतं, त्या शून्याच्या तिकिटावर. चिठ्ठी नाही, तर माणूस नाही." मग साहेबानं पेन काढला. "कंडक्टरनं दिली नाहीत का? तसं लिहून द्या. त्याच्यावर कारवाई करतो."

"मंग गाडी सुरू होईन?"

"ते वेगळं. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी."

देवसिंगनं तिच्याकडं पाहिलं. जमनीबाई म्हणाली, "तो देत होता. म्याच नाही घेतलं." आणि उठली.

फाट्यापासून दोघं चालत आली. वर्षा दारातच उभी होती.

"काय म्हने साहेब?"

"आमी गाडीत नव्हतो म्हने."

"म्हंजे?"

जमनीबाईनं सगळं सांगितलं, मिठासकट. वर्षा रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी ती आईमागं शेतात निंदायला गेली. जमनीबाई ओसरीवर बसून राहिली. सुनेनं भाकर वाढून ठेवली होती. ती तिनं खाल्ली, पाणी प्याली आणि ताट धुऊन उपडं घातलं.